नकाराची किंमत कोणी भरायची?

भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांसाठी आचारनियम केले. त्यांतले सातवे प्रकरण गैरवर्तनाचे आहे, म्हणजे काय केले असता डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते ते त्यात सांगितले आहे. त्या प्रकरणात एक कलम असे आहे की, वैद्यकीय कारण असताना गर्भपात, नसबंदी, संततिनियमन किंवा सुंता यांत साहाय्य करायला डॉक्टरने केवळ धर्माच्या कारणावरून नकार देऊ नये. ते काम आपल्याला येत नाही असे त्याला वाटत असेल तर गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम आणले, पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले.

या पुस्तकातल्या लेखांसाठी भिलाई-दुर्गच्या ख्रिस्ती परिचारिका, डॉक्टर आणि पाळकांशी बोलताना ध्यानात आले, की हे कलम फार थोड्यांनी वाचलेले आहे. विवेकस्वातंत्र्याबद्दलची आपली समजूत बहुतेक परदेशी पुस्तकांवर पोसलेली असते. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात, ज्याच्या विवेकाला हे काम पटत नाही त्याला त्यातून अंग काढून घेण्याची मुभा दिली आहे; बाईच्या जिवावर बेतले असेल तेव्हा मात्र ती नाही. आपल्या १९७१ च्या कायद्यात असे कलमच नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, पण या मुद्द्याला कोणी हात लावला नाही. राज्यघटनेचे पंचविसावे कलम प्रत्येकाला विवेकस्वातंत्र्य देते, आणि त्याच वाक्यात सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांची अट घालते.

तेव्हा ख्रिस्ती दृष्टीने वैद्यकीय नीतीचा विचार इथे मांडायचा तर हक्कापासून सुरुवात करून भागत नाही. मला नाही म्हणता येईल का, हा प्रश्न प्रामाणिक आहे. मी नाही म्हटल्यावर त्याची किंमत कोण भरणार, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे असे मला वाटते. या पुस्तकाचे संपादन करताना मी हा दुसरा प्रश्न धरून बसले आहे.

मराठी वाचक विचारतील की या पुस्तकाला भिलाई कशाला? २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्या वर्षी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबईकडे गेला आणि दुर्ग, रायपूर, बिलासपूर भोपाळकडे. नागपूरकडून इकडे आलेली घरे मात्र इथेच राहिली. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि सेक्टरांमध्ये तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, मराठी माणसे एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहू लागली. चर्चचेही तसेच. उत्तर भारताची मंडळी अर्थात सीएनआय, जिची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झाली, शिवाय कॅथलिक, मार थोमा, ऑर्थोडॉक्स, मेनोनाइट. इथल्या मोठ्या रुग्णालयात एका पाळीला दोन-तीन पंथांच्या सिस्टर सहज असतात, आणि एकाच औषधाकडे त्या तीन नजरांनी पाहतात.

शहराबाहेर पडले की याच विषयाचा जुना इतिहास भेटतो. चांपा येथे मेनोनाइट मिशनरी पी. ए. पेनर यांनी १९०२ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. बैतलपूरजवळच्या चांदखुरीचे कुष्ठधाम १८९७ च्या दुष्काळातले. धमतरीचे ख्रिश्चन हॉस्पिटल १९१० चे. मुंगेलीला डॉ. व्हिक्टर रॅम्बो यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि रोगी येत नाही तर आपण त्याच्या गावी जावे म्हणून नेत्रशिबिरे भरवली. आनंदवन माहीत नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. ते १९५१ चे. त्याच्या अर्धशतक आधी छत्तीसगडात हे काम सुरू होते, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही.

या कुष्ठधामांपाशी थोडे थांबायला हवे, कारण आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू तिथे एकाच अंगणात दिसतात. ज्याला गावाने हाकलले, घरच्यांनी ताटवाटी वेगळी केली, त्याच्या जखमा तिथे धुतल्या गेल्या. संवेदना गेलेल्या पायाला खिळा टोचला तरी कळत नाही; जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. तो पाय रोज पाण्यात भिजवायचा, मेलेली कातडी खरवडायची, तेल लावायचे, पट्टी बांधायची. प्रभावी औषध हाती नसलेल्या काळात हेच उपचार होते, आणि ते करणारी माणसे वर्षानुवर्षे वाकून पायाशी बसत. दुसऱ्याचे पाय धुणे ही ज्या धर्मात उपासनेची गोष्ट आहे, त्याच धर्माने हे शिकवले.

पण त्याच धामांमध्ये स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला ठेवत. नवरा-बायको असली तरी. त्यांची निरोगी मुले आईपासून काढून वेगळ्या गृहात वाढवत. रोग पसरू नये हा हेतू होता आणि त्या काळच्या शास्त्राचा त्याला आधार होता. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा तर भीक मागणाऱ्या रोग्याला पकडून आश्रमात कोंडायची परवानगी देई. तो २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता. बहुऔषधी उपचार १९८२ मध्ये आले आणि कोंडून ठेवण्याचे शास्त्रीय कारणही संपले. मधल्या काळात किती आयांनी मुले दिली आणि त्यांना कोणी विचारले होते का, याचा हिशेब मिशनच्या अहवालांत नसतो. तिथे रोग्यांची आणि बाप्तिस्म्यांची संख्या असते. मी हे लिहिते आहे ते त्या माणसांच्या सेवेला उणेपणा आणण्यासाठी नाही. अतिशय सद्भावनेने वागणारा माणूसही दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेऊन मोकळा होतो आणि त्याचा विवेक त्याला टोचत नाही, हे आपल्याच घरच्या उदाहरणावरून शिकलेले बरे.

आता त्याच मेनोनाइटांची दुसरी गोष्ट. हा पंथ शस्त्र हाती धरत नाही. विवेकाच्या कारणाने लढायला नकार देणारे म्हणून जगाने ज्यांना ओळखले, त्यांत हे अग्रभागी होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशांना पर्यायी सेवेचा मार्ग दिला. १९४१ ते १९४७ या काळात सुमारे बारा हजार तरुण त्या सेवेत गेले. मेनोनाइट, क्वेकर, ब्रेदरेन असे. त्यांतले तीन हजारांच्या आसपास मनोरुग्णालयांत राबले. पगार नाही. वॉर्ड तुडुंब भरलेले, रोगी उघडेनागडे, बांधून ठेवलेले. या मुलांनी मलमूत्र काढले, मारहाण सोसली, आणि जे पाहिले ते लिहून काढले. १९४६ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात जी छायाचित्रे आणि हकिकत छापून आली तिने अमेरिका हादरली. तिचा आधार या तरुणांच्याच नोंदी होत्या. धमतरी आणि चांप्याची रुग्णालये उभी करणाऱ्या मंडळ्यांचेच हे भाईबंद.

या गोष्टीने माझ्या मनातला गुंता बराच सोडवला. या मुलांनी नाही म्हटले, पण नाही म्हणून घरी बसले नाहीत. नकाराचे ओझे त्यांनी स्वतः उचलले आणि दुसरे कोणी करायला तयार नव्हते ते काम पत्करले. त्यांच्या नकाराने जास्तीचे सोसले असेल तर ते त्यांनीच. रुग्णालयातल्या विवेकाच्या नकाराला हीच कसोटी लावावी, असे माझे मत झाले आहे. सगळ्या लेखकांना ते मान्य नाही आणि तसे त्यांनी आपापल्या लेखांत स्पष्ट लिहिले आहे.

'ख्रिस्ती दृष्टी' असे आपण एकवचनात म्हणतो, तेव्हाही सावध असावे. १९३० च्या लँबेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी काही मर्यादांसह संततिनियमनाला वाट दिली. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी 'ह्युमाने व्हिते' या पत्राने कृत्रिम साधने आणि नसबंदी कॅथलिकांना निषिद्धच ठेवली. म्हणजे एकाच पाळीतली सीएनआयची सिस्टर तांबी बसवण्याच्या ट्रॉलीची तयारी निःशंक करते आणि तिच्या शेजारची कॅथलिक सिस्टर आतून अस्वस्थ असते. दोघी रविवारी उपासनेला जातात, दोघी तोच शुभवर्तमानाचा ग्रंथ वाचतात. गर्भाच्या जिवाबद्दल चर्चांमध्ये पुष्कळ एकवाक्यता आहे, आईच्या जिवावर बेतले असता काय करावे याबद्दल तितकी नाही. लिंगनिदानाच्या बाबतीत मात्र सगळे एका बाजूला उभे राहतात आणि सुदैवाने कायदाही तिथेच आहे. महाराष्ट्राने तर १९८८ मध्ये, देशाच्या सहा वर्षे आधी, तो केला. तिथे नकार देणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही.

किंमत रुग्णाने भरली म्हणजे काय होते, हे बेळगावच्या एका घराला ठाऊक आहे. सविता हलप्पनवार ही दंतवैद्य झालेली मुलगी, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ राहणार नाही हे स्पष्ट झाले. तिने गर्भपात करण्याची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके लागत होते, म्हणून ती नाकारली गेली. हा कॅथलिक देश आहे अशा अर्थाचे उत्तर तिला मिळाल्याचे पुढे चौकशीत मान्य झाले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली, वय ३१. ती ख्रिस्ती नव्हती. ज्या धर्माच्या नावाने कायदा अडला तो तिचा नव्हताच. संसर्ग वेळेत ओळखला गेला नाही, ही हलगर्जीही चौकश्यांत समोर आली, आणि ती बाजूला सारून सगळा दोष धर्मावर टाकणे अन्यायाचे होईल. पण कायद्याची भीती आणि धर्माचा वारसा यांच्या सावटाखाली डॉक्टर वाट पाहत राहिले, हे खरेच आहे. २५ मे २०१८ च्या सार्वमतात आयरिश जनतेने गर्भपात अडवणारे घटनेतले कलम काढून टाकले. नंतरच्या कायद्यात डॉक्टर-परिचारिकांना विवेकाचा नकार ठेवला आहे, पण रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे पोहोचवण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावरच टाकली आहे आणि जिवावरच्या प्रसंगी नकार चालत नाही. बेळगावच्या एका मुलीमुळे एका ख्रिस्ती देशाला हे कलम नीट लिहावे लागले.

कॅथलिक वाचक इथे म्हणतील, दुसऱ्याकडे पाठवणे म्हणजेही सहभागच. हा आक्षेप हलका नाही. १९९५ च्या 'एव्हांगेलियुम व्हिते' या पत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी अशा सहभागाबद्दल कठोर शब्द वापरले आहेत, आणि या पुस्तकातल्या एका लेखिकेने ती बाजू माझ्याहून चांगली मांडली आहे. मला तिचे पटत नाही. पण ती हे लिहिताना आपली नोकरी पणाला लावायला तयार आहे, रुग्णाला पणाला लावायला नाही, म्हणून तिचा लेख मी आदराने छापते आहे.

आता खाटेवरच्या माणसाकडे येऊ. विवेकाची चर्चा नेहमी पांढऱ्या कोटाच्या बाजूने होते. डॉक्टरला काय पटते, सिस्टरला काय टोचते. समोर पडलेल्या बाईलाही विवेक आहे, हे त्या चर्चेत निसटून जाते.

छत्तीसगडात ही गोष्ट न्यायालयापर्यंत गेलेली आहे, आणि ती ख्रिस्ती लोकांना बोचणारी आहे. १९५४ मध्ये नागपूरच्या सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने मिशनांवर ठपका ठेवला, की रुग्णालये आणि शाळा ही धर्मांतराची साधने म्हणून वापरली जातात. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. रायपूर जिल्ह्यातल्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी त्याला आव्हान दिले आणि १७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला: आपला धर्म सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नाही, कारण विवेकस्वातंत्र्य त्या दुसऱ्यालाही आहे.

या निकालावर घटनातज्ज्ञांनी बरीच टीका केली आहे. समितीच्या अहवालातल्या सरसकट संशयाने प्रामाणिक सेवेवरही डाग पडला, असे मी मानते. तो संशय अजून गेलेला नाही. २५ जुलै २०२५ रोजी इथून जवळच्याच दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली आणि आठवडाभराने त्या जामिनावर सुटल्या. तरीही निकालातले शेवटचे कारण मला नाकारता येत नाही. तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी केलेली प्रार्थना त्याला हवी आहे का, हे विचारले पाहिजे. उपकाराखाली दबलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि त्याचे ते गप्प राहणे होकार समजून पुढे जाणे हे त्याच्या विवेकावर केलेले आक्रमणच आहे. प्रभूने आंधळ्यालाही आधी विचारले होते, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. ज्याची व्याधी दिसत होती त्यालासुद्धा.

न विचारण्याचा शेवट कुठे होतो ते बिलासपूरने पाहिले. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराजवळच्या सकरीत, बंद पडलेल्या एका खासगी रुग्णालयाच्या इमारतीत, नसबंदीचे सरकारी शिबिर झाले. एका पथकाने दिवसाला ३० हून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत असा नियम असताना काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या काही दिवसांत या आणि लगतच्या शिबिरांतल्या डझनाहून अधिक बायका दगावल्या. बहुतेक तरुण, गरीब, लहान मुलांच्या आया. दोन वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१६ रोजी, देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले.

याच प्रदेशात उलटेही घडत होते. बैगा जमातीची संख्या घटू नये म्हणून १९७९ च्या सरकारी आदेशाने तिच्या स्त्रियांची नसबंदी रोखलेली होती. सात-आठ बाळंतपणांनी खंगलेली बैगा बाई स्वतः मागायला आली तरी तिला परत पाठवत. अखेर बैगा स्त्रियांना उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. एकीला रेटून टेबलावर घेतले, दुसरीला दारातून हाकलले. विचारले दोघींनाही नाही. नसबंदी पाप की पुण्य, याची चर्चा चर्चमध्ये करायला माझी हरकत नाही, पण या दोघींचे नाव न घेता ती करू नये.

म्हणून संमतिपत्राबद्दल थोडे खोलात लिहिते. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर फाइल उघडते. छापील कागद हिंदीत, मधूनमधून इंग्रजी. बाई बालोदकडची, घरी छत्तीसगढी बोलणारी, किंवा नारायणपूरकडची गोंडी बोलणारी. सिस्टर शाईचे पॅड पुढे करते, बाईचा डावा अंगठा धरते, टेकवते, कापसाच्या बोळ्याने पुसते. दाराशी नवरा उभा असतो, त्याचीही सही घेतली जाते. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याच्या सहीची अट कायद्यात कुठेही नाही. तरी ती घेण्याची सवय जात नाही. सगळे दोन मिनिटांत उरकते, कारण पुढे आणखी फाइली असतात. हेच काम वेगळ्या रीतीने करणारी एक सिस्टर मी जवळून पाहिली आहे. ती स्टूल ओढून बसे. कागद उलटा ठेवी आणि म्हणे, ‘बाई, उद्या तुझ्यावर काय करणार आहेत ते तूच मला सांग.’ मग बाई सांगे. कधी बरोबर, कधी भलतेच. एकदा एकीला वाटत होते की पोटातली गाठ काढणार. पिशवीच काढणार आहेत हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. सिस्टरने अंगठा घेतला नाही, रात्री डॉक्टरांना बोलावून घेतले आणि बोलणी खाल्ली. विवेकाच्या नकाराचे माझ्या माहितीतले सर्वांत चांगले उदाहरण ते आहे, आणि त्यात गर्भपाताचा किंवा धर्माचा काही संबंध नव्हता.

परिचारिकेची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण निर्णय डॉक्टरचा असतो आणि हात तिचे. ग्लासगोच्या दोन कॅथलिक सुईणींचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्या लेबर वॉर्डाच्या प्रमुख होत्या. प्रत्यक्ष गर्भपातात हात न लावताही पाळ्या लावणे, देखरेख करणे यालाही आमची ना आहे, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की मुभा प्रत्यक्ष हाताने करण्याच्या कामापुरती आहे. आपल्याकडे सिस्टरला इतकी वकिली करायची संधीही मिळत नाही. कंत्राटी नोकरी, वसतिगृहाची खोली, गावाकडे पाठवायचे पैसे. तिने नाही म्हटले तर तिची बदली होते किंवा तिचे काम तिच्याहून धाकटी, आणखी घाबरलेली मुलगी करते. तेव्हा नकाराची किंमत कोण भरते हा प्रश्न दोन्हीकडे चालतो: रुग्णावर ती पडू नये, तशी वॉर्डातल्या सर्वांत दुबळ्या मुलीवरही पडू नये.

मराठी ख्रिस्ती परंपरेत तोंड उघडणाऱ्या बाईचे उदाहरण आहे. १८९७ च्या प्लेगात पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून पुण्याच्या सरकारी प्लेग व्यवस्थेत स्त्रियांची काय दुर्दशा होते ते मांडले. प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढले. सरकार ख्रिस्ती, रमाबाई ख्रिस्ती, त्यांच्या कामाला पैसा देणारे बरेचसे गोरे ख्रिस्ती. गप्प बसण्याची सगळी कारणे हाताशी होती. आपल्या धर्मबांधवांच्या राज्याविरुद्ध, दुसऱ्या धर्माच्या बायकांसाठी त्या बोलल्या. रमाबाईंच्या चरित्रातले हे पान आपल्या चर्चमध्ये फारसे वाचले जात नाही.

त्यांच्याच वाटेवरचे पुढचे नाव रजनीकांत आणि मेबल आरोळे. वेल्लोरला शिकलेले हे दांपत्य अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करत होते. बरे करून घरी पाठवलेले रोगी त्याच आजाराने परत येत, कारण पाणी तेच आणि उपासमार तीच. दुसऱ्या कोणाला हे पुरेसे वाटले असते. त्यांना ते डाचत राहिले, आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला गावातल्याच, पुष्कळदा दलित आणि निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. विवेक म्हटला की आपल्याला 'हे करणार नाही' एवढेच आठवते. आरोळ्यांच्या विवेकाने त्यांना 'हे सोडून देणार नाही' असे म्हणायला लावले. भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहऱ्याला खाणकामगारांनी १९८३ मध्ये स्वतःच्या कमाईतून शहीद रुग्णालय उभे केले, तिथल्या सुरुवातीच्या डॉक्टरांत वेल्लोरचेच बिनायक सेन होते. त्या रुग्णालयावर क्रूस नाही. पण त्या विटांमागे काय आहे, ते ओळखायला ख्रिस्ती माणसाला अडचण पडू नये.

मरणाच्या दाराशी काय करावे, यावर पुस्तकात तीन लेख आहेत, म्हणून इथे थोडक्यात. पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे सांगितले होते, की जीव राखण्यासाठी असाधारण उपाय करत राहण्याचे बंधन कोणावर नाही. म्हणजे व्हेंटिलेटर काढणे आणि माणूस मारणे यांत फरक आहे, हे चर्चने न्यायालयांच्या पुष्कळ आधी मान्य केले. तरीही आयसीयूबाहेर बसलेली ख्रिस्ती कुटुंबे मला भेटतात, ज्यांना वाटते की थांबा म्हटले तर पाप लागेल. आणि शेत विकून ती बिले भरत राहतात. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस. तिथल्या नन्स उपचार थांबल्यावरची शुश्रूषा करतात.

आणि मुंबईच्याच केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांची सहकारी अरुणा शानबाग हिच्यावर अत्याचार झाला, ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. १८ मे २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या सिस्टरांनी तिला भरवले, कूस बदलली, अंगावर फोड येऊ दिला नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे अन्न थांबवण्याची याचिका फेटाळली आणि तिच्या वतीने बोलण्याचा हक्क त्या रुग्णालयातल्या माणसांना आहे असे म्हटले. त्याच निकालाने इतरांसाठी निष्क्रिय इच्छामरणाचा मार्गही उघडला. तिला तसे ठेवावे की जाऊ द्यावे, यावर प्रामाणिक माणसांत मतभेद राहतील. माझेही मत पक्के नाही. त्या सिस्टरांचे म्हणणे ऐकले गेले, कारण त्यांच्या 'नाही'ची किंमत त्या रोज स्वतःच्या हातांनी भरत होत्या, एवढे मी म्हणेन.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट प्रत्येक मिशन रुग्णालयाच्या भिंतीवर असते. जखमी माणसाला टाळून गेलेले दोघे धर्मसेवक होते. प्रेताला शिवू नये हा त्यांचा धर्मनियम होता, आणि तो माणूस मेलेला वाटला असेल. म्हणजे ते निर्दय होते असे नाही. कदाचित ते आपला विवेकच पाळत होते. शोमरोनी थांबला, जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर त्याला बसवले आणि स्वतः चालला. उतारशाळेत त्याने दोन दीनार मोजले, आणि वर जास्तीचा खर्च झाला तर परतताना देईन असे सांगून गेला. या गोष्टीत पैशाचा तपशील इतका बारकाईने का आला असेल, याचा विचार मी हे पुस्तक करताना सतत करत होते.

कंपनीच्या डॉक्टरांचा प्रश्न, म्हणजे भाजलेल्या कामगाराचा पगार देणारा आणि त्याच्या डॉक्टरचा पगार देणारा एकच असतो तेव्हा अहवाल कोणासाठी लिहायचा, हा भिलाईत टाळता न येण्यासारखा विषय आहे. त्यावरचा लेख वेळेत पूर्ण झाला नाही, याचे मला वाईट वाटते.

लेखांचा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे की संमतीवरचे लेख आधी यावेत आणि नकारावरचे नंतर. ज्या सिस्टरला किंवा डॉक्टरला एखादे काम विवेकाला पटत नाही, त्यांनी ते रुग्ण टेबलावर आल्यावर सांगू नये. नोकरीच्या सुरुवातीला, लेखी, मेट्रनला किंवा अधीक्षकांना कळवावे, तातडीच्या प्रसंगी मी मागे हटणार नाही हे त्यात लिहावे, आणि त्या कामाऐवजी दुसरे कोणते काम, शक्यतो कोणाला नको असलेले, मी घेईन तेही लिहावे. सुरुवातीला सांगितलेले आचारनियमांतले कलम पाहता कायद्याने हे मान्य होईलच असे नाही, पण माणसांनी मान्य केल्याची उदाहरणे आमच्यापाशी आहेत. अशा पत्राचा मसुदा पुस्तकाच्या शेवटी मराठीत आणि हिंदीत दिला आहे. पर्यायी कामाची ओळ त्यात कोरी ठेवली आहे. ती भरल्याशिवाय कोणी ते पत्र देऊ नये, एवढी विनंती आहे.